नाव उलटण्याआधीचे शिक्षण

साहसी शिबिरांतून नौकानयनाचे आणि रानावनातील डावपेचांचे सराव आता शहरी तरुणांच्या सुटीचा भाग झाले आहेत. समुद्रावर जाणाऱ्याला पाण्यात उतरण्याआधी जी शिस्त शिकावी लागते, ती या शिबिरार्थींच्या वाट्याला मात्र क्वचितच येते. ही शिस्त शिकविणाऱ्या संस्था पुण्याच्या परिसरातच आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे ही उणीव अधिकच खटकते.

पुणे-सोलापूर महामार्गावरील लोणी काळभोर हे गाव समुद्रापासून शंभराहून अधिक किलोमीटर दूर आहे. राज कपूर यांच्या ‘राजबाग’मुळे चित्रपटरसिकांना आणि तेलकंपन्यांच्या साठवणूक केंद्रांमुळे टँकरचालकांना परिचित असलेल्या या गावाची आणखी एक ओळख आहे. २००१ मध्ये येथे ‘महाराष्ट्र अकॅडमी ऑफ नेव्हल एज्युकेशन अँड ट्रेनिंग’ अर्थात ‘मॅनेट’ ही संस्था सुरू झाली आणि तेव्हापासून व्यापारी जहाजांवर जाणाऱ्या तरुणांना मुळा-मुठेच्या काठी शिक्षण मिळू लागले. या क्षेत्राला लागू असलेला दंडक आंतरराष्ट्रीय आहे. जहाजावर नोकरीसाठी पाऊल ठेवण्यापूर्वी प्रत्येक खलाशाला आणि अधिकाऱ्याला जीव वाचविण्याचे मूलभूत प्रशिक्षण पूर्ण करावे लागते. खलाशांच्या प्रशिक्षणासंबंधीचा १९७८ चा आंतरराष्ट्रीय करार आणि त्यात १९९५ व २०१० मध्ये झालेल्या सुधारणा यांनी हे बंधनकारक केले आहे.

या प्रशिक्षणात लाइफ जॅकेट घालून उंचावरून पाण्यात उडी घेणे, उलटा पडलेला तराफा सरळ करणे, पाण्यातून त्यावर चढणे, बुडणाऱ्याला त्यावर ओढून घेणे आणि मदत येईपर्यंत तग धरणे या गोष्टी प्रत्यक्ष करून दाखवाव्या लागतात. अपघात होणार हे गृहीत धरून शिक्षणाची सुरुवात केली जाते. जहाज चालविण्याची विद्या त्यानंतर येते.

आता याच नदीच्या वरच्या अंगाला, पुण्याच्या पश्चिमेकडील धरणांच्या परिसरात पाहावे. पानशेत, मुळशी, पवना या जलाशयांच्या काठी शनिवार-रविवारी तंबू उभे राहतात. कंपन्यांचे कर्मचारी, महाविद्यालयीन मुले, गिर्यारोहण मंडळे यांच्यासाठी तराफे बांधण्याच्या स्पर्धा, कयाक, रात्रीची पदभ्रमंती, ‘कमांडो’ पद्धतीचे अडथळे असा भरगच्च कार्यक्रम आखलेला असतो. त्यांत काही संस्था अत्यंत जबाबदारीने काम करतात. तथापि अनेक ठिकाणी सुरुवात थेट वल्हे हाती देण्यापासून होते आणि नाव उलटली तर काय करायचे, हा प्रश्न नाव उलटेपर्यंत कोणी विचारीत नाही.

एकाच साच्याचे अपघात

गेल्या काही वर्षांतील दुर्घटना शेजारी शेजारी ठेवल्या, तर त्यांतील साम्य अस्वस्थ करणारे आहे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रकिनाऱ्यावर पुण्यातून सहलीसाठी गेलेले १४ विद्यार्थी बुडाले. १५ एप्रिल २०१७ रोजी मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील सहलीतील आठ जणांचा असाच अंत झाला. १३ जानेवारी २०१८ रोजी डहाणूच्या समुद्रात विद्यार्थ्यांनी भरलेली बोट उलटून तीन मुली दगावल्या. १८ जानेवारी २०२४ रोजी बडोद्याच्या हरणी तलावात सहलीची बोट उलटली आणि १२ विद्यार्थी व दोन शिक्षिका मृत्युमुखी पडल्या. त्या बोटीत क्षमतेहून खूपच अधिक माणसे होती आणि बहुतेकांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हते.

या घटना सहलींच्या होत्या, प्रशिक्षणाच्या नव्हत्या, असा युक्तिवाद करता येईल. पण मग २०१९ च्या महापुरातील ब्रह्मनाळचे काय? सांगली जिल्ह्यातील पलूस तालुक्यातील या गावी ८ ऑगस्ट रोजी पुरात अडकलेल्यांना बाहेर काढणारी बोट कृष्णेच्या पाण्यात उलटली आणि १७ जणांना प्राण गमवावे लागले. जीव वाचविण्यासाठी आलेली नावच जीवघेणी ठरली. बोटीत क्षमतेपेक्षा अधिक माणसे बसली होती. काठावर पाणी चढत असताना ‘आणखी कोणी चढू नका’ असे सांगून ते अमलात आणण्यासाठी अधिकार लागतो, आणि तो अधिकार वापरण्याचा सरावही लागतो. तो आयत्या वेळी अंगी येत नाही.

मे २०२४ मधील दोन घटनांनी तर हा प्रश्न आणखी टोकदार केला. २१ मे रोजी उजनी जलाशयात करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटून सहा जण बुडाले. लोणी काळभोरवरून वाहत जाणारी मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते आणि ते पाणी पुढे याच उजनीत साठते. दोनच दिवसांनी, २३ मे रोजी, अकोले तालुक्यातील सुगावजवळ प्रवरेत बुडालेल्या तरुणाचा शोध घेणारी राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट उलटली आणि दलाचे तीन जवान मरण पावले. ते प्रशिक्षित होते, त्यांच्याकडे साधने होती. तरीही वाहते पाणी त्यांच्यावर मात करू शकले. प्रशिक्षितांची ही गत, तर दोन दिवसांच्या शिबिरात वल्हे हाती घेतलेल्या तरुणाच्या भरवशावर पुराच्या पाण्यात नाव सोडणे किती धोक्याचे, याचा अंदाज यावा.

‘डावपेच’ म्हणजे काय?

साहसी शिबिरांच्या जाहिरातींत ‘कमांडो’ आणि ‘टॅक्टिकल’ हे शब्द आता सर्रास दिसतात. हिरव्या-तपकिरी ठिपक्यांचे कपडे, चेहऱ्याला काजळी, दोरावरून लोंबकळणे आणि प्रशिक्षकाच्या आरोळ्या म्हणजे लष्करी शिक्षण, असा समज त्यातून पसरला आहे. वास्तविक लष्करात डावपेचांचे शिक्षण बरेचसे शांतपणे, नकाशावर आणि वाळूच्या प्रतिकृतीवर चालते. तुकडीप्रमुख निघण्यापूर्वी जो आदेश देतो, तो ठरावीक शीर्षकांत असतो : परिस्थिती काय आहे, उद्दिष्ट कोणते, ते कसे साध्य करायचे, रसद आणि जखमींची व्यवस्था काय, आणि नेतृत्व व संपर्क कोणाकडे. प्रमुख जायबंदी झाला तर त्याची जागा कोण घेणार, हेही आधीच ठरलेले असते.

बाहेरच्या गटांनी उचलण्यासारखे आहे ते हे. शस्त्रे आणि वेष यांची नागरी शिबिराला गरज नाही. कोणत्या वाटेने जायचे, कोणत्या वेळेपर्यंत पोहोचले नाही तर शोध सुरू करायचा, परतीचा निर्णय कोण आणि कोणत्या खुणेवर घेणार, हे लिहून काठावर ठेवण्याची सवय मात्र हवी. होकायंत्राने दिशा धरणे, पावले मोजून अंतर काढणे, अंधारात तुकडीची मोजणी ठेवणे, जखमीला खांद्यावरून वा झोळीतून उतरविणे हे जमिनीवरील सराव म्हणूनच नौकेच्या सरावाला जोडून घेतले जातात. नाव जिथे अडते, तिथे ती खांद्यावर घेऊन चालावे लागते आणि अपघात पाण्यात झाला तरी रुग्णवाहिकेपर्यंतचा प्रवास बहुधा चिखलातून आणि झाडोऱ्यातूनच करावा लागतो.

खडकवासला येथील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत याच कारणासाठी पाणी आणि डोंगर असे दोन्ही वर्ग भरतात. जलाशयाच्या ‘पीकॉक बे’ या भागात छात्रांना वल्ही आणि शिडे हाताळायला शिकविले जाते आणि ‘ग्रीनहॉर्न’, ‘रोव्हर’, ‘तोरणा’ या नावांच्या शिबिरांतून त्यांची मैदानावरची परीक्षा होते. राष्ट्रीय छात्रसेनेच्या नौदल शाखेतही २७ फुटी व्हेलर वल्हविणे आणि शिडाची नौका हाकणे हे अभ्यासाचे भाग आहेत. या सर्वांत एक क्रम पाळला जातो. आधी पोहणे, मग जीवरक्षक साधने, मग उलटलेली नाव सावरणे, मग शांत पाणी आणि त्यानंतर वारा किंवा प्रवाह. यातली एखादी पायरी गाळली, तर त्याची भरपाई पुढे उत्साहाने करता येत नाही.

पाण्याचे गणित

लहान नाव का उलटते, याची कारणे गूढ नाहीत. नावेत माणसे वाढली की तिचा काठ पाण्याजवळ येतो आणि लहानशी लाटही आत शिरते. आत शिरलेले पाणी नाव कलेल त्या बाजूला धावते आणि कल आणखी वाढवते. बसलेली माणसे उभी राहिली की भार वर सरकतो. एका बाजूला काही दिसले म्हणून सगळे तिकडे झुकले की उरलेसुरले संतुलन जाते. वाहत्या पाण्यात यात आणखी एका गोष्टीची भर पडते. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला, तर त्याचा रेटा चौपट होतो. गुडघाभर पाण्यात उभा राहणारा माणूस तेवढ्याच खोलीच्या पण वेगवान पाण्यात टिकत नाही, तो यामुळे.

महाराष्ट्रातील नद्यांवर ठिकठिकाणी असलेले बंधारे हा तर स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. बंधाऱ्यावरून पडणारे पाणी खाली जाऊन उलट फिरते आणि पायथ्याशी सापडलेली वस्तू पुन्हा पुन्हा भिंतीकडे खेचली जाते. वरून पाहणाऱ्याला ते पाणी शांत, काहीसे फेसाळ वाटते. तिथे पट्टीचा पोहणाराही सुटत नाही. म्हणून बचावाचा जगभर शिकविला जाणारा क्रम असा आहे : आधी काठावरून हात वा काठी द्या, ते शक्य नसेल तर दोर फेका, त्यानेही भागले नाही तर नाव न्या आणि सर्वांत शेवटी स्वतः पाण्यात उतरा. आपल्याकडे बहुतेक वेळा हा क्रम नेमका उलटा पाळला जातो. एकाला वाचवायला गेलेले दोघे-तिघे बुडाल्याची बातमी दर उन्हाळ्यात वाचावी लागते, ती त्यामुळेच.

पुणे परिसरात दुसरी गुंतागुंत आहे ती धरणांच्या विसर्गाची. ८ जून २०१४ रोजी हिमाचल प्रदेशात बियास नदीच्या पात्रात छायाचित्रे काढणारे हैदराबादचे २४ अभियांत्रिकी विद्यार्थी वरच्या लारजी धरणातून अचानक सोडलेल्या पाण्यात वाहून गेले. रायगड जिल्ह्यातील कोलाडचे तराफानयन हे त्याच्या बरोबर उलट उदाहरण. तेथे कुंडलिकेत वीजनिर्मितीनंतर सोडल्या जाणाऱ्या पाण्याच्या वेळेवरच सारा दिवस आखला जातो. पाणी कधी सुटते, किती सुटते हे माहीत असले की तेच पाणी वापरता येते. पुण्यातील नदीत सराव करणाऱ्या गटाला खडकवासल्याचा विसर्ग ठाऊक नसेल, तर त्याचा नकाशा अपुरा आहे. २५ जुलै २०२४ च्या पहाटे हाच विसर्ग ३५ हजार क्युसेकच्या घरात गेला आणि सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत नागरिकांना बोटीतून बाहेर काढण्यासाठी लष्कराला पाचारण करावे लागले.

लोणी काळभोरच्या बाजूला अडचण वेगळीच आहे. शहराचे सांडपाणी पोटात घेऊन येणाऱ्या नदीत जलपर्णीचे थर साचतात. अशा पाण्यात वल्हे अडकते, पोहणाऱ्याच्या पायांना वेढे बसतात आणि नाका-तोंडात गेलेले पाणी आजाराला निमंत्रण देते. मुळा-मुठेच्या शुद्धीकरणासाठी जपानच्या साह्याने आखलेल्या ९९० कोटी रुपयांच्या प्रकल्पाचा करार २०१६ च्या जानेवारीत झाला. नदीप्रदूषणाची चर्चा नेहमी आरोग्य आणि सौंदर्य यांच्या अंगाने होते. ज्या शहराला पुराची भीती आहे, त्या शहरातील तरुणांना आपल्याच नदीत नाव चालवायला शिकता येऊ नये, हे या प्रदूषणाचे सहसा न मोजले जाणारे नुकसान आहे.

नियम आहेत, पण...

साहसी उपक्रमांचे नियमन करण्याचा राज्याचा प्रवास वळणावळणाचा आहे. क्रीडा विभागाने २०१४ मध्ये सुरक्षाविषयक मार्गदर्शक सूचना काढल्या. त्या अव्यवहार्य असल्याची तक्रार गिर्यारोहण संस्थांनी केली, प्रकरण न्यायालयात गेले आणि २०१८ मध्ये सुधारित निर्णय आला. पुढे ऑगस्ट २०२१ मध्ये पर्यटन विभागाने जमीन, पाणी आणि हवा या तिन्हींतील उपक्रमांसाठी साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर करून आयोजकांना नोंदणीच्या कक्षेत आणले. त्याच वर्षी केंद्राने १९१७ चा जुना कायदा रद्द करून अंतर्देशीय जहाज कायदा केला. त्यात यंत्राविना चालणाऱ्या नावांची नोंद स्थानिक पातळीवर ठेवण्याचीही तरतूद आहे.

म्हणजे कागदावर पोकळी नाही. कळीचा मुद्दा असा की, उपक्रम पर्यटनाचा, जलाशय जलसंपदा विभागाचा, विद्यार्थी शिक्षण विभागाचे, नाव स्थानिक संस्थेच्या नोंदवहीतली आणि अपघात झाला की गुन्हा पोलिसांचा, अशी ही वाटणी आहे. आयोजकाची नोंदणी झाली आहे का, हे विचारणारे अनेक असू शकतात. त्याच्या प्रशिक्षकाने शेवटचा उलटी नाव सावरण्याचा सराव कधी घेतला, हे विचारणारा कोणी नसतो. नोंदणीने संस्थेचा पत्ता कळतो, तिची पात्रता नव्हे.

लाइम बेचा धडा

ब्रिटनने हा धडा मोठी किंमत देऊन घेतला. पहिला इशारा फार पूर्वीच मिळाला होता. ४ ऑगस्ट १९१२ रोजी लंडनच्या वॉलवर्थ भागातील बालवीरांची नौका लेसडाउनजवळ उलटून नऊ मुलगे बुडाले. पुढे दुसऱ्या महायुद्धात जहाजे बुडाल्यावर जीवनौकेत चढलेले तरुण खलाशी अनुभवी प्रौढांच्या आधी हार मानतात, असे जहाजकंपनीचे मालक लॉरेन्स होल्ट यांना जाणवले. त्यातून शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान यांच्या साह्याने १९४१ मध्ये वेल्समधील अॅबरडोव्ही येथे ‘आउटवर्ड बाउंड’ची पहिली शाळा निघाली. आज जगभर, आणि आपल्याकडेही, चालणाऱ्या ‘आउटडोअर’ प्रशिक्षणाचे मूळ असे बुडत्या जहाजावरील तग धरण्याच्या शिक्षणात आहे. लोणी काळभोरचा छात्र आणि पानशेतचा शिबिरार्थी एकाच परंपरेचे वारस आहेत, ते या अर्थाने.

परंपरा असूनही २२ मार्च १९९३ रोजी डॉर्सेटच्या लाइम बे या उपसागरात कयाक सफरीवर गेलेल्या शाळकरी मुलांपैकी चौघांचा मृत्यू झाला. या केंद्रातील सुरक्षेच्या त्रुटींबद्दल तेथेच काम केलेल्या प्रशिक्षकांनी आधी लेखी इशारा दिला होता, हे चौकशीत उघड झाले. कंपनीच्या संचालकाला सदोष मनुष्यवधासाठी तुरुंगात जावे लागले आणि १९९५ मध्ये संसदेने मुलांच्या साहस केंद्रांसाठी परवान्याचा कायदा केला. त्या पद्धतीत निरीक्षक प्रत्यक्ष जाऊन प्रशिक्षक, साधने आणि आपत्कालीन व्यवस्था तपासतात. साहसावर बंदी आली नाही. ते शिकविणाऱ्याला आपली पात्रता आधी सिद्ध करावी लागली, एवढेच. आपल्याकडे मात्र प्रत्येक मोठ्या दुर्घटनेनंतर सहलींवर निर्बंध घालणारे परिपत्रक निघते आणि काही महिन्यांत ते विस्मरणात जाते.

पुण्याच्या हाताशी असलेले बळ

पुण्याइतके या विषयातील ज्ञान एका जागी असलेले शहर देशात विरळा. लोणी काळभोरला सागरी प्रशिक्षण आहे, खडकवासल्यात प्रबोधिनी आहे. दापोडीच्या लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयात लष्कराचे रोइंग केंद्र आहे आणि खडकीला बॉम्बे सॅपर्सचे. मावळातील सुदुंबरे येथे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन आहे. अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या बोट क्लबची ‘रेगाटा’ १९२८ पासूनची. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोही या दुष्काळी गावातून आलेल्या दत्तू भोकनळ यांनी २०१२ मध्ये लष्करात भरती झाल्यानंतर वल्हे हाती धरले आणि २०१६ मध्ये ते रिओ ऑलिंपिकमध्ये उतरले. पाण्याशी संबंध नसलेल्या तरुणाला योग्य शिक्षण कुठवर नेऊ शकते, याला आणखी पुरावा नको.

हे बळ आज कुंपणाआड विखुरलेले आहे. लष्करी संस्थांनी आपली दारे सताड उघडावीत, अशी अपेक्षा अवास्तव ठरेल. परंतु वर्षातून काही दिवस साहसी गटांच्या प्रशिक्षकांची चाचणी घेणे, समान अभ्यासक्रम ठरविणे आणि उत्तीर्ण झालेल्यांनाच मुलांना पाण्यावर नेण्याची मुभा देणे, हे अशक्य नाही. केंद्राच्या ‘आपदा मित्र’ योजनेत ३५० जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवक घडविण्याचे उद्दिष्ट होते. पुढच्या ‘युवा आपदा मित्र’ योजनेने छात्रसेना, राष्ट्रीय सेवा योजना, नेहरू युवा केंद्र आणि स्काउट-गाइड यांतील २.३७ लाख तरुणांना ३१५ जिल्ह्यांत प्रशिक्षित करण्याचे ठरविले. गिर्यारोहण आणि नौकानयन मंडळांना या साखळीत जोडून घेतले, तर त्यांचा उत्साह आणि सरकारची यंत्रणा एकमेकांच्या उपयोगी पडतील.

पालकांनी आणि कंपन्यांच्या मनुष्यबळ विभागांनीही काही प्रश्न विचारायला शिकले पाहिजे. प्रत्येकाच्या मापाचे लाइफ जॅकेट आहे का, त्याचे पट्टे बांधून तपासतो कोण, किती जणांमागे एक प्रशिक्षक, बचाव नौका वेगळी आहे का, जवळचे रुग्णालय किती मिनिटांवर, आणि वारा सुटला तर कार्यक्रम रद्द करण्याचा अधिकार कोणाकडे. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. पैसे भरलेले आहेत, मंडळी लांबून आली आहेत, दिवस वाया जाईल, या दडपणाखालीच बहुतेक चुकीचे निर्णय घेतले जातात. रद्द झालेल्या कार्यक्रमाचे पैसे आयोजकाच्या खिशातून जाणार नाहीत, अशी व्यवस्था करार करतानाच झाली, तर ‘आज नको’ म्हणणे त्याला सोपे जाईल.

पूर आला की सैन्य आणि आपत्ती दले पोहोचेपर्यंतचे पहिले काही तास गावातले आणि वस्तीतले तरुणच सांभाळतात. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले तेव्हा हेच घडले, २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात हेच घडले आणि यापुढेही हेच घडणार आहे. त्या तासांत नावेत किती माणसे घ्यायची आणि कोणाला थांब म्हणायचे, हे ठरविणारा तरुण आज कुठल्या तरी शिबिरात वल्हे धरायला शिकत असेल. त्याला तिथे नाव उलटी करून ती पुन्हा सरळ करायला लावली होती का, यावर पुष्कळ काही अवलंबून राहील.